सोसायटीची नोटीस आपोआप मराठीत: सॉफ्टवेअरमध्ये भाषांतर बसवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर बसून आम्ही तिघं गृहनिर्माण सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. मेंटेनन्सची बिलं, गेटवरची नोंद, नोटिसा, तक्रारी. घोडबंदर रोडपासून ऐरोली, कोपरखैरणे, खारघरपर्यंत गिऱ्हाईक आहे. "नोटीस इंग्रजीत टाकतो, ती मराठीत आपोआप जाऊ दे" ही मागणी पहिल्या दिवसापासून होती. ती पुरी केल्यापासून इतर डेव्हलपर मित्रांचे आणि कमिटीवाल्यांचे तेच तेच फोन येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

भाषांतराची लायब्ररी (म्हणजे आपल्या प्रोग्रामात बसवायचा तयार कोड) स्वतः भाषांतर करते का?

बहुतेक वेळा नाही. ती पोस्टमनचं काम करते. तुमचा मजकूर उचलते, इंटरनेटवरून एखाद्या सेवेकडे पोचवते आणि उत्तर आणून देते. गूगल क्लाउड ट्रान्सलेशन, मायक्रोसॉफ्टचं अझूर ट्रान्सलेटर, ॲमेझॉन ट्रान्सलेट या तिन्ही सेवा मराठी करतात, आणि तिघांच्या पायथन, जावा, जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषांसाठी लायब्रऱ्या आहेत. केंद्र सरकारची भाषिणी २०२२ च्या जुलैमध्ये सुरू झाली. तीही अशीच बाहेरून वापरायची.

दुसऱ्या जातीत मॉडेलच, म्हणजे भाषांतर शिकवलेली प्रणालीच, तुमच्या मशीनवर उतरवून घेता येतं. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत गटाने २०२३ मध्ये काढलेलं इंडिकट्रान्स२ हे आपल्यासाठी त्यातलं सगळ्यात कामाचं. आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषा त्यात आहेत.

कोड किती लिहावा लागतो?

चार ओळी. सेवेशी बोलणारा क्लायंट बनवा, मजकूर द्या, कुठल्या भाषेत हवा ते सांगा, उत्तर घ्या. आमचं हे एका दुपारी झालं, चहा थंड व्हायच्या आत. मग पहिली खरी नोटीस टाकली. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका व्हॉट्सॲपच्या इंग्रजीत लिहितात: "प्लीज नोट, वॉटर ऑफ सॅटर्डे नाइन टू ट्वेल्व्ह, टँक क्लीनिंग बी विंग." मराठीत आलं: "कृपया लक्षात घ्या, पाणी बंद शनिवार नऊ ते बारा, टाकी स्वच्छता मधमाशी पंख." काकांनी फोन केला आणि एवढंच विचारलं, "मधमाश्यांना टाकी कशाला?" पुढचा अख्खा पावसाळा त्या चार ओळींच्या भोवतीचं कुंपण घालण्यात गेला. खाली जे आहे ते बहुतेक त्या कुंपणाबद्दल आहे.

मग कोणती सेवा निवडावी?

आपल्याच शंभर नोटिसा घ्या, दोन-तीन सेवांना द्या, आणि निकाल आईला किंवा शेजारच्या निवृत्त शिक्षिकेला वाचायला द्या. सेवेचं नाव झाकून. आमच्याकडे निकाल नोटिशीगणिक बदलत होता, म्हणून आम्ही गुणवत्तेपेक्षा बाकीच्या गोष्टी बघून ठरवलं: बिल रुपयात कसं पडतं, शब्दसूची देता येते का, एका वेळी किती मजकूर जातो.

स्वतःचं मॉडेल चालवणार असाल तर आधी परवाना वाचा. मेटाचं २०२२ चं एनएलएलबी मॉडेल २०० भाषांचं आहे, मराठीही बरी करतं, पण त्याचा परवाना बिगरव्यावसायिक वापराचा आहे. आम्ही सॉफ्टवेअर विकतो, म्हणजे ते बाद. इंडिकट्रान्स२ एमआयटी परवान्याखाली आहे, त्यामुळे धंद्यात चालतं. त्याचं मोठं मॉडेल सुमारे १०० कोटी पॅरामीटरचं (पॅरामीटर म्हणजे मॉडेलने शिकताना जुळवलेले आकडे) आणि आटवलेलं छोटं सुमारे २० कोटींचं. आम्ही छोटं वापरतो. बाहेरच्या सेवेपेक्षा नोटिशीला चार सेकंद जास्त लागले म्हणून कुणाचं पाणी अडत नाही.

एक बारीक खड्डा: भाषेचे कोड सगळ्यांचे सारखे नसतात. गूगल-मायक्रोसॉफ्टला मराठी म्हणजे नुसतं दोन अक्षरी "एमआर". इंडिकट्रान्स२ आणि एनएलएलबीला तीन अक्षरी भाषा आणि तिला जोडून लिपी लागते. हा तक्ता कोडमध्ये एकाच जागी ठेवा, नाहीतर सेवा बदलायच्या दिवशी तो दहा फाइलींत शोधत बसाल.

गूगलट्रान्ससारखी फुकट लायब्ररी आहे की! सेवेची चावी, म्हणजे पासवर्डसारखा कोडही, लागत नाही.

कॉलेजच्या प्रोजेक्टला वापरा. ती अनधिकृत आहे, गूगल ट्रान्सलेटच्या संकेतस्थळाला मागच्या दाराने विचारते, आणि कायम चालेलच याची हमी नाही हे तिच्याच माहितीपानावर लिहिलेलं आहे. संकेतस्थळाची आतली रचना बदलली की ती कोसळते. फार विनंत्या गेल्या की तुमचा इंटरनेटवरचा पत्ता अडवला जातो. गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन त्यावर सोसायटीची पाण्याची नोटीस टांगू नका.

खर्च किती येतो?

इथे लोक आकडा विचारतात, पण खरा प्रश्न तुम्ही भाषांतर कधी करता हा आहे. गूगलचा नेहमीचा दर दहा लाख अक्षरांना २० डॉलर आहे आणि महिन्याला पहिली पाच लाख अक्षरं माफ. अझूरच्या फुकट श्रेणीत महिन्याला वीस लाख अक्षरं मिळतात. आता हिशेब करू. समजा ४० सोसायट्या, प्रत्येकीत २०० फ्लॅट, महिन्याला दहा नोटिसा, नोटीस सरासरी ६०० अक्षरांची. नोटीस टाकली त्या क्षणी एकदाच भाषांतर केलं आणि साठवून ठेवलं, तर महिन्याला २,४०,००० अक्षरं. गूगलकडे बिल शून्य.

हेच भाषांतर प्रत्येक सभासदाने ॲप उघडल्यावर केलं तर गुणिले २००. चार कोटी ऐंशी लाख अक्षरं, माफी वजा जाता ९५० डॉलर. तेही प्रत्येकाने नोटीस एकदाच उघडली असं धरून! कोड तोच आणि लायब्ररीही तीच, फरक फक्त हाक कुठून मारली त्याचा.

म्हणून मूळ मजकुराचा हॅश (मजकुरावरून निघणारा, ठशासारखा आकडा) काढा, तो आणि भाषा मिळून किल्ली करा, आणि भाषांतर डेटाबेसमध्ये ठेवा. शेजारी आणखी एक रकाना हवाच: हे मशीनने केलंय की माणसाने तपासलंय. माणसाने सुधारलेल्या ओळीवर मशीनने पुन्हा कधी लिहायचं नाही. हा नियम आम्ही उशिरा घातला, आणि एका काकूंनी रात्री जागून दुरुस्त केलेली गणेशोत्सवाची नोटीस सकाळी पुन्हा मशीनची झाली. त्यांची माफी मागायला पेढे घेऊन नेरूळला जावं लागलं.

स्क्रीनवरची बटणंही मशीनकडून करून घ्यायची का?

नको. बटणं, मेनू, चुकांचे संदेश मिळून आमच्याकडे सातशेच्या आसपास ओळी आहेत. त्या एकदाच करायच्या आहेत, त्या माणसाने करा. एकट्या शब्दाला संदर्भ नसतो आणि मशीन तिथेच सगळ्यात जास्त अडखळतं. "बुक" म्हणजे क्लबहाउस आरक्षित करायचं की पुस्तक? "होम" म्हणजे घर की पहिलं पान? "लिफ्ट" म्हणजे उचला? आमच्या पहिल्या आवृत्तीत "सिंकिंग फंड" (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेला पैसा) चा "बुडणारा निधी" झाला होता, आणि एका सभासदाने तो शब्द वार्षिक सर्वसाधारण सभेत खजिनदारांना उद्देशून वापरला.

मशीनला द्यायचा तो वाहता मजकूर: नोटिसा, तक्रारी, शेरे.

सरकारी वळणाचे शब्द हवे असतील तर राज्याच्या भाषा संचालनालयाचे कोश आहेत, शासन व्यवहार कोश, पदनाम कोश. त्यातून निवडून घ्या, पण वाचून. सोसायटीत "उद्वाहन बंद आहे" लिहिलंत तर लोक जिना चढून तुम्हाला शोधत येतील.

भाषांतर केल्यावर प्रोग्रामच कोसळतो. का?

बहुधा महिरपी कंसामुळे. साच्यात नावाची जागा राखलेली असते: कंसात "नेम". मशीन भाबडेपणाने त्या "नेम"चंही भाषांतर करतं, कंसात "नाव" येतं, पण तुमच्या कोडने माहिती "नेम" याच नावाखाली दिलेली असते. पायथनला "नाव" सापडत नाही आणि ते कीएरर ही चूक फेकतं. आमच्याकडे हे महिन्याच्या एक तारखेला, बिलं सुटण्याच्या वेळी झालं. असल्या गोष्टी वीस तारखेला कधी होत नाहीत.

उपाय दोन. एक, मजकूर एचटीएमएल (वेबपानाची खुणांची भाषा) म्हणून पाठवायचा आणि राखीव जागा "नोट्रान्सलेट" वर्गाच्या स्पॅन या खुणेत गुंडाळायची. गूगल आणि अझूर दोघंही ते पाळतात. दोन, पाठवण्याआधी त्या जागी निरर्थक खूण घालायची आणि परत आल्यावर मूळ जागा बसवायची. काहीही करा, पण परत आलेल्या मजकुरात सगळ्या राखीव जागा जशाच्या तशा आहेत का हे मोजा. नसतील तर ते भाषांतर टाकून द्या आणि मूळ दाखवा.

एचटीएमएलवरून आठवलं: गूगलच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीच्या एपीआयमध्ये (प्रोग्रामने सेवेला विचारायचं दार) काही सांगितलं नाही तर मजकूर एचटीएमएलच धरला जातो. त्यामुळे अवतरणचिन्हाच्या जागी अँपरसँड, हॅश आणि ३९ असा कचरा दिसतो. साधा मजकूर असेल तर तसं स्पष्ट सांगा.

आडनावांचं काय होतं?

हसू नका, हा आमच्याकडचा सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रश्न आहे. मोरे, दाते, साने, माने, गोरे. ही आडनावं इंग्रजीत लिहून बघा. प्रत्येक इंग्रजीतला धडधाकट शब्द आहे. मोरे म्हणजे "अधिक", दाते म्हणजे "दिनांक", साने "शहाणे" आणि माने म्हणजे घोड्याची "आयाळ". "श्री. अधिक यांनी पार्किंगची फी भरावी" अशी नोटीस एका सोसायटीत फळ्यावर लागली होती. अधिक साहेबांनी खरंच भरली, पण आम्हाला सुनावून.

सभासदांची यादी तुमच्या डेटाबेसमध्ये असतेच. पाठवण्यापूर्वी मजकुरात त्या यादीतली नावं शोधा, खुणेने झाका आणि परत आल्यावर देवनागरी नाव बसवा. सभासद भरताना नाव दोन्ही लिप्यांत घेतलं तर हे सोपं जातं. रोमन लिपीतून देवनागरी आपोआप करायला जाल तर साने, सने, सणे यांत पुन्हा अडकाल. फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा, लोक आनंदाने भरतात. स्वतःचं नाव मराठीत नीट दिसलेलं कुणाला नको असतं?

शब्दसूची दिली तरी वाक्य तुटकं का येतं?

गूगलच्या तिसऱ्या आवृत्तीत शब्दसूची देता येते, ॲमेझॉनमध्येही परिभाषेची फाइल चढवता येते. "विंग"ला विंगच म्हणा, "डिफॉल्टर"ला थकबाकीदार म्हणा, असं बजावता येतं. पण इंग्रजीत शब्द जिथे तसाच राहतो तिथे मराठीत त्याचं सामान्यरूप होतं. "देखभाल खर्च" सूचीत टाकला की "देखभाल खर्च ची थकबाकी" असं येतं, कारण मशीनने सूचीतला शब्द जसाच्या तसा डकवला, त्याचा "खर्चाची" केलाच नाही.

आम्ही यावर काढलेला तोडगा शुद्धलेखनवाल्यांना आवडणार नाही. सूचीत शक्यतो असे शब्द घ्या जे विभक्ती लागताना बदलत नाहीत. "मेंटेनन्स" घेतला तर मेंटेनन्सचा, मेंटेनन्सला, मेंटेनन्समध्ये. बुंधा हलत नाही. सोसायटी, लिफ्ट, पार्किंग, विंग, टाकी, पावती, सगळे असेच सोशिक शब्द. योगायोगाने लोक बोलतातही तेच. मग एक छोटी साफसफाई करायची: सूचीतल्या शब्दानंतर जागा सोडून आलेले "चा, ची, चे, ला, ने, त, मध्ये" हे मागच्या शब्दाला चिकटवायचे. एक रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र, पुरतं. मात्र नुसत्या "त" आणि "ने" बाबत सावध राहा, वाक्यात ते दुसऱ्या शब्दाची सुरुवात असू शकतात, म्हणून पुढे जागा किंवा विरामचिन्ह असेल तरच चिकटवा.

स्त्री की पुरुष हे मशीनला कसं कळणार?

नाही कळणार. इंग्रजीत "व्हिजिटर हॅज अराइव्ह्ड" म्हटलं की संपलं. मराठीला आला की आली हे ठरवल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. मशीन डोळे मिटून "आला" म्हणतं, आणि कामाला येणाऱ्या मावशींबद्दल रोज सकाळी "घरकाम करणारा आला आहे" असा संदेश जातो.

यावर इलाज मराठीतच आहे, फक्त साचे हाताने लिहायला हवेत. आदरार्थी बहुवचन घ्या: "पाहुणे गेटवर आले आहेत." कर्मणी प्रयोग घ्या: "अमुक यांनी पैसे भरले." इथे क्रियापद पैशांमागे जातं, भरणारा कोण याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. आणि तो "यांनी" बघा. तो मध्ये उभा राहिला की नावाला प्रत्यय लावायचीच गरज उरत नाही. "यांना, यांनी, यांचे, यांच्याकडे" या चौघांवर आमचे निम्मे साचे चालतात. कुठलंही नाव घाला, वाक्य मोडत नाही. जुन्या सरकारी पत्रांची ही सवय मला पूर्वी कोरडी वाटायची. आता तिच्या पाया पडावंसं वाटतं.

तू आणि तुम्हीचाही तोच प्रकार. मशीन एका परिच्छेदात तुम्ही म्हणून पुढच्यात तू वर येतं. सत्तरीच्या सभासदाला "तुझं बिल थकलं आहे" गेलं की ते बिल मग थकलेलंच राहतं. "तू, तुझा, तुझी, तुझं, तुला" दिसले की नोटीस थांबवून तपासणीला टाकायची, एवढा नियम पुरेसा आहे.

मूळ मजकूर कुठल्या भाषेत आहे हे लायब्ररीला आपोआप ओळखता येतं का?

लांब मजकूर असेल तर छान. दोन-तीन शब्द असतील तर मराठी, हिंदी आणि नेपाळी यांत गोंधळ होतो, लिपी एकच ना! पायथनमधली लँगडिटेक्ट ५५ भाषा ओळखते, पण तिच्या आत यादृच्छिकपणा आहे. त्याच वाक्याला एकदा मराठी, एकदा हिंदी म्हणू शकते. तिचं बीज (ज्या आकड्यापासून तो यादृच्छिकपणा सुरू होतो) सुरुवातीलाच ठरावीक आकड्यावर बांधा, नाहीतर तुमच्या चाचण्या सोमवारी पास आणि मंगळवारी नापास होतील. आम्ही आधी साधी चाळणी लावतो: "आहे, नाही, आणि" किंवा "ळ" दिसला तर मराठी, "है, नहीं, और" दिसलं तर हिंदी. उरलेलंच लायब्ररीकडे जातं.

खरी पंचाईत रोमन लिपीतल्या मराठीची. निम्म्या तक्रारी तशाच येतात, "पाणी कधी येणार" हे इंग्रजी अक्षरांत. सामान्य ओळखयंत्र त्याला जगातली कुठलीही भाषा म्हणतं. एआयफोरभारतचं इंडिकएलआयडी रोमन लिपीतल्या भारतीय भाषा ओळखायलाच बनवलेलं आहे, आणि त्यांचंच इंडिकझ्लिट लिप्यंतर करतं. आधी लिप्यंतर, मग भाषांतर, हा क्रम ठेवा.

आगरीत होईल का?

नवी मुंबईतल्या दिवाळे, सारसोळेकडच्या एका मंडळाने अगदी मनापासून विचारलं होतं. मी वर नावं घेतलेल्या सेवांमध्ये आणि मॉडेलांमध्ये आगरी ही वेगळी भाषा म्हणून नाही. आगरीत लिहिलेलं मराठी समजून वाचलं जातं, "पाणी"चा "पानी" झाला की मशीन हिंदीकडे झुकतं, आणि पुढचं सगळंच घसरतं. त्या मंडळाच्या ठरलेल्या चाळीस सूचना आम्ही त्यांच्याच दोन पोरांकडून लिहून घेतल्या आणि साच्यात भरल्या. भाषांतर शून्य, काम चोख.

मराठी तक्रारीचं इंग्रजी करून देखभालीच्या एजन्सीला पाठवतो. चालेल?

चालेल, पण मूळ तक्रार सोबत जोडा. एका सभासदाने सहा वेळा तक्रार करून शेवटी लिहिलं, "आता पाणी डोक्यावरून गेलंय." इंग्रजीत ते शब्दशः उतरलं आणि एजन्सीचा माणूस गच्चीवरची टाकी वाहतेय का ते बघून "ओके" शेरा मारून गेला. तक्रार लिफ्टची होती.

चुकीचं भाषांतर लोकांपर्यंत जाऊ नये म्हणून काय करता?

तीन चाळण्या. पहिली अंकांची: मूळ मजकुरातले सगळे आकडे काढा, भाषांतरातले काढा, देवनागरी अंक एकसारखे करून ताडून बघा. वेळ, तारीख, रक्कम यांतला एक आकडा जरी वेगळा असेल तर थांबा. दुसरी नकाराची: इंग्रजीत "नॉट" आहे आणि मराठीत नाही, नका, नये, नको यांपैकी काहीच नाही, तर थांबा. "व्हिजिटर पार्किंगमध्ये गाड्या लावा" आणि "लावू नका" यांत एकाच शब्दाचं अंतर आहे आणि त्यावर चौथ्या मजल्याचं आणि सातव्या मजल्याचं बोलणं बंद होऊ शकतं. तिसरी चाळणी माणूस. नोटीस टाकणाऱ्यालाच शेजारी मराठी मसुदा दिसतो, त्याने "पाठवा" दाबल्याशिवाय जात नाही. आपोआप म्हणून मागितलेल्या गोष्टीत आम्ही बटण घातलं म्हणून कमिट्या आधी कुरकुरल्या.

भाषांतराचा दर्जा आकड्यात मोजता येतो का?

येतो. ब्लू हे माप २००२ पासून आहे. ते मशीनच्या आणि माणसाच्या भाषांतरातले अख्खे शब्द जुळवून बघतं, आणि मराठीत "घरासमोरच्यांनी" हा एकच शब्द असतो, शेवटचा प्रत्यय चुकला की सगळा शब्द गेला. २०१५ मध्ये आलेलं सीएचआरएफ अक्षरांचे तुकडे जुळवतं, मराठीला तेच जास्त न्याय देतं. सॅक्रेब्लू या साधनात दोन्ही आहेत. सेवा किंवा मॉडेल बदलताना आम्ही आमच्या तपासलेल्या नोटिशींवर ते चालवतो. एरवी नाही.

हीच मराठी एसएमएसने पाठवता येईल?

इथे लायब्ररीचा संबंध संपतो आणि नियमांचा सुरू होतो. व्यावसायिक एसएमएससाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांखाली साचा आधी मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी-पोर्टलवर नोंदवावा लागतो. आयत्या वेळी मशीनने बनवलेलं वाक्य साच्यात बसत नाही आणि संदेश अडतो. म्हणजे मराठी साचे आधीच करून नोंदवा, बदलती जागा फक्त नाव, तारीख, रकमेची.

शिवाय देवनागरी एसएमएस ७० अक्षरांत संपतो. इंग्रजीला १६० मिळतात. आणि मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. "शनिवारी सकाळी ९ ते १२ पाणी बंद" यात डोळ्यांना पंधरा अक्षरं दिसतात, मोजणी होते ३० ची, मधल्या जागा धरून. ७० ओलांडले की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा ६७ चा, पैसे प्रत्येकाचे.

अक्षरं तुटतात, चौकोन दिसतात, वेलांटी उडी मारते.

तीन वेगळे आजार आहेत.

डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्हं दिसत असतील तर एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) बघा. मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ८एमबी४ घ्या. जुन्या यूटीएफ८ मध्ये देवनागरी मावते, एका अक्षराला तीन बाइट, पण इमोजीला चार लागतात. आमच्या कमिट्या हात जोडल्याच्या इमोजीशिवाय नोटीस पुरी करत नाहीत, त्यामुळे आम्हाला हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

पीडीएफ बिलात "सोसायटी"ची मात्रा आणि "विंग"ची वेलांटी भलतीकडे जात असेल तर ती पीडीएफ लायब्ररी अक्षरजुळणी करत नाही. वीझीप्रिंटसारखी, पँगो या अक्षरजुळणीच्या साधनावर चालणारी लायब्ररी घ्या. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे दिसतील.

तिसरा आजार चोरटा आहे. मजकूर "स्वच्छ" करायच्या नादात कुणी युनिकोडचं विघटन करून (एका अक्षराचे सुटे तुकडे करून) नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, उडवतं. हिंदीला चालून जातं. मराठीत ऱ हे अक्षर विघटनात र आणि नुक्ता असं होतं. नुक्ता गेला की "दऱ्या"चा "दर्या" होतो. डोंगरातली दरी समुद्रात गेली! मजकूर एनएफसी या जोडलेल्या रूपात ठेवा आणि नुक्त्याला हात लावू नका.

आकड्यांबद्दल एक ओळ: जावास्क्रिप्टला मराठीचं लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) दिलं की आकडे देवनागरीत येतात, हिंदीचं दिलं तर नाही. बिलाच्या रकमेत नको असेल तर अंकपद्धती वेगळी सांगा.

गेटवरच्या टॅबला नेट नसतं. तिथे?

गूगलची एमएल किट फोनवरच भाषांतर करते, मराठीसह. भाषेमागे साधारण ३० एमबी उतरवून घ्यावे लागतात, ते कमिटीच्या वायफायवर आधीच करून ठेवा. ती प्रत्येक भाषांतर इंग्रजीमधून नेते, म्हणजे हिंदीतून मराठी करताना दोनदा गाळलं जातं. "दूधवाला आला" इतपत ठीक आहे.

सभासदांची माहिती बाहेर जाते, त्याचं काय?

जाऊ देऊ नका. नावं तर झाकतोच आहोत, फोन नंबर, फ्लॅट नंबर, वाहन क्रमांकही त्याच चाळणीत घाला. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा आहे आणि सोसायटीची माहिती तुमच्यामार्फत बाहेर जाते. थकबाकीदारांची यादी आम्ही कुठल्याच बाहेरच्या सेवेला देत नाही, ती साच्यातून बनते. एजीएमचं इतिवृत्त मराठीत हवं असेल तर आमच्याच मशीनवरच्या इंडिकट्रान्स२ वर होतं.

चॅटबॉटवाली मोठी मॉडेलं वापरली तर हे सगळे उपद्व्याप वाचतील का?

थोडे. संदर्भ सांगता येतो, "तुम्ही वापरा, विंगला विंगच म्हणा" हे ती बरंच ऐकतात, सामान्यरूपही नीट करतात. पण कधी न विचारता "कृपया सहकार्य करावे, ही विनंती" जोडतात, कधी दोन वाक्यांचं एक करतात. अंकांची आणि नकाराची चाळणी त्यांनाही लावा.

सेवा बंद पडली तर?

तीन सेकंद वाट बघायची, एकदा पुन्हा विचारायचं, मग मूळ इंग्रजी नोटीस तशीच दाखवायची आणि वर लहान अक्षरांत लिहायचं, "मराठी थोड्या वेळाने येईल." मागच्या जुलैत एका पहाटे नेमकं हेच झालं. ऐरोलीच्या एका सोसायटीत तळमजल्यावर पाणी शिरलं होतं, गाड्या हलवायची नोटीस इंग्रजीतच गेली. मराठी चाळीस मिनिटांनी आली. तोवर वॉचमनने शिट्टी मारून सगळ्यांना उठवलं होतं.